स्पर्धा आयोगाकडे तक्रार: अर्ज सोपा, प्रकरण लांबचं

डिलिव्हरी अ‍ॅपने कमिशन वाढवलं, अ‍ॅप स्टोअरने स्वतःचीच पेमेंट पद्धत सक्तीची केली किंवा ऑनलाइन बाजारात आपला माल रातोरात चौथ्या पानावर ढकलला गेला, की व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक सूचना हमखास येते: ‘सीसीआयकडे जाऊ या.’ सीसीआय म्हणजे भारतीय स्पर्धा आयोग. जाऊ या म्हणणारे पुष्कळ असतात. तिथे नेमकं काय मिळतं, काय मिळत नाही आणि अर्ज कुठे अडकतो हे सांगणारे फार थोडे. म्हणून एखाद्या सेवेचं करावं तसं हे परीक्षण, तेही फक्त डिजिटल प्लॅटफॉर्मविरुद्धच्या तक्रारींपुरतं.

निकाल आधीच सांगून टाकू. प्रवेश उदार आणि स्वस्त आहे. छाननी कडक आहे, पण बहुतेक वेळा रास्त. तपास संथ आहे. तातडीचा दिलासा जवळजवळ नाहीच. आणि शेवटी जो आदेश निघतो त्याचा फायदा बाजाराला होतो, तक्रारदाराच्या खिशात थेट काही पडत नाही. हे मान्य असेल तरच पुढचा खर्च करावा.

प्रवेशाबद्दल आयोगाला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम १९(१)(अ) खाली कोणीही अर्ज करू शकतो: व्यक्ती, ग्राहक, ग्राहक संघटना, व्यापारी संघटना. स्वतःचं नुकसान झालं असल्याचं दाखवावं लागत नाही. ओला-उबर प्रकरणात १५ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्याच निकालात मूळ तक्रार मात्र फेटाळलेलीच राहिली, हेही लक्षात ठेवावं. अर्जाची फी व्यक्तीला ५,००० रुपये; संस्था, फर्म आणि कंपन्यांचे दर वेगळे आणि उलाढालीच्या टप्प्यांप्रमाणे चढते. प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच मालकाची, पेढी फर्ममध्ये मोजली जाते, त्यामुळे ‘मी एकटाच तर आहे’ म्हणून व्यक्तीची फी भरून पेढीच्या नावाने अर्ज टाकला तर तो त्रुटीसाठी परत येतो. भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावरचं फीचं ताजं कोष्टक पाहून घ्यावं.

वकील सक्तीचा नाही. स्वतः बाजू मांडता येते, किंवा सनदी लेखापाल, कंपनी सचिव, कॉस्ट अकाउंटंट यांच्यामार्फतही. पण समोर जगातली सर्वांत महागडी वकिलांची फौज उभी असते, तेव्हा अर्ज स्वतः लिहिला तरी सुनावणीला जाणकार माणूस सोबत हवाच.

नाव गुप्त ठेवण्याची सोय ही या सेवेतली सर्वांत कमी माहीत असलेली आणि सर्वांत कामाची गोष्ट. ज्याच्या अ‍ॅपवर सगळा धंदा चालतो त्याच्याविरुद्ध उघड अर्ज केला तर उद्या खातं बंद होईल ही भीती खोटी नाही. गुगल प्लेच्या बिलिंगविरुद्धचं २०२० चं प्रकरण क्रमांक ७ आयोगाच्या कागदोपत्री ‘एक्सवायझेड’ या नावानेच चाललं, आणि त्यातूनच पुढे ९३६.४४ कोटींचा दंड निघाला. ही विनंती अर्जासोबतच, कारणं देऊन करायची. आधी उघड नावाने अर्ज टाकून मग गुप्ततेची मागणी करण्यात अर्थ नाही. नाव लपवताना जोडपत्रंही तपासावीत. नाव झाकलं, पण इनव्हॉइसवरचा जीएसटी क्रमांक तसाच राहिला, हा प्रकार नेहमीचा. गुपित दोन प्रकारचं असतं: एक अर्जदाराची ओळख, दुसरी धंद्याची आकडेवारी. दोन्हींसाठी स्वतंत्र मागणी करावी लागते, आणि गोपनीय मजकूर गाळलेली एक वेगळी प्रत द्यावी लागते.

आता ही सेवा कशासाठी नाही ते. तुमचे अडकलेले पैसे, चुकीने कापलेला दंड, बंद केलेलं खातं, खराब निघालेला माल ही आयोगाची कामं नाहीत. ग्राहक असाल तर ग्राहक आयोग, लघुउद्योजक म्हणून थकीत बिल असेल तर एमएसएमई समाधान हे सरकारी पोर्टल, निव्वळ करारभंग असेल तर दिवाणी न्यायालय किंवा लवाद. आयोग एकच प्रश्न विचारतो: या वागण्याने बाजारातली स्पर्धा बिघडते का? तुमचं नुकसान हा त्या प्रश्नाचा एक पुरावा असतो, उत्तर नव्हे. फेटाळलेल्या अर्जांचे आदेश वाचत गेलं तर मोठा भाग इथेच गळालेला दिसतो. माणूस खरोखर नाडलेला असतो, पण अर्जात बाजार कुठेच नसतो.

सगळा खेळ अर्ज लिहिण्यात आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिला निर्णय: कोणतं कलम? बहुतेक अर्ज डोळे मिटून कलम ४ खाली, म्हणजे वर्चस्वाच्या गैरवापराखाली टाकले जातात. त्यात तीन पायऱ्या चढाव्या लागतात: संबंधित बाजार ठरवा, त्या बाजारात त्या कंपनीचं वर्चस्व दाखवा, मग गैरवापर दाखवा. दुसऱ्या पायरीवर पाय घसरतो. बंगळुरूतल्या टॅक्सींच्या प्रकरणात ओलाने तोटा सोसून भाडी पाडली ही तक्रार होती. २०१७ मध्ये आयोगाने ओलाचं वर्चस्वच मान्य केलं नाही, कारण उबर तितक्याच जोरात तिच्या अंगावर होती. दिल्लीत उबरबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये चौकशीला हिरवा कंदील दिला होता. दर फेरीमागे २०४ रुपयांचा तोटा हा आकडा न्यायालयाच्या नजरेत भरला होता. तरी २०२१ मध्ये प्रकरण वर्चस्वापाशीच संपलं. दोन तगडे प्लॅटफॉर्म एकमेकांशी भांडत असतील, तर दोघांचं मिळून वर्चस्व अशी कल्पना आपल्या कायद्यात नाही. अन्न डिलिव्हरी, टॅक्सी, ऑनलाइन खरेदी या तिन्ही क्षेत्रांत नेमकं हेच चित्र आहे.

अशा वेळी कलम ३(४) पाहावं. हे उभ्या साखळीतल्या करारांबद्दल आहे: पुरवठादार आणि विक्रेता, प्लॅटफॉर्म आणि त्यावरचा व्यापारी. इथे वर्चस्व सिद्ध करायची गरज नसते. करारामुळे स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होतो किंवा होऊ शकतो एवढं दाखवायचं, आणि त्यासाठीचे निकष कलम १९(३) मध्ये दिलेले आहेत: नव्यांच्या वाटेत अडथळे, जुन्यांना बाहेर ढकलणं, ग्राहकाला फायदा होतो की नाही, वगैरे. अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टविरुद्ध जानेवारी २०२० चा चौकशीचा आदेश आणि झोमॅटो-स्विगीविरुद्ध एप्रिल २०२२ चा आदेश हे दोन्ही याच वाटेने निघाले. अर्जात दोन्ही कलमं मांडता येतात, पण मग प्रत्येकासाठी स्वतंत्र तथ्यं लिहावीत. एकाच परिच्छेदात दोन्हींचं कडबोळं केलं की दोन्ही कमकुवत होतात.

झोमॅटो-स्विगीचा तो आदेश अर्ज लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. उपाहारगृहांच्या संघटनेने त्यात बऱ्याच तक्रारी मांडल्या होत्या. चौकशी मात्र लागली ती मुख्यतः दोन मुद्द्यांवर: एक, इतरत्र स्वस्त विकू न देण्याची किंमत-समानतेची अट, दोन, प्लॅटफॉर्म स्वतःच्या किंवा स्वतःशी संबंधित स्वयंपाकघरांना झुकतं माप देतो का. पैसे उशिरा मिळतात, ऑर्डर आणि डिलिव्हरी एकत्रच घ्यावी लागते, हे मुद्दे त्या टप्प्यावर टिकले नाहीत. व्यापाऱ्याच्या दृष्टीने उशिरा येणारे पैसे हा सर्वांत मोठा त्रास असेल. आयोगाच्या दृष्टीने किंमत-समानता गंभीर, कारण तिच्यामुळे कमी कमिशन घेणारा नवा प्लॅटफॉर्म उभाच राहू शकत नाही. तो कमिशन १० टक्क्यांवर आणेल, पण उपाहारगृहाला तिथे पदार्थ स्वस्त ठेवायची मुभाच नसेल, तर ग्राहक तिकडे जाईल कशाला? ही कारणमीमांसा अर्जात तुम्हालाच लिहावी लागते. आयोग ती तुमच्यासाठी शोधत बसत नाही.

लिहिण्याची पद्धत एका नमुन्यावरून पाहू. वाईट परिच्छेद असा असतो: ‘सदर कंपनी अत्यंत मोठी असून मनमानी करते व लहान व्यावसायिकांना देशोधडीला लावते.’ चांगला असा: ‘१ एप्रिलपासून लागू झालेल्या कराराच्या कलम ७.२ नुसार भागीदाराला स्वतःच्या वेबसाइटवर प्लॅटफॉर्मपेक्षा कमी दर ठेवता येत नाहीत. १२ मे रोजी अर्जदाराने वेबसाइटवर १० टक्के सूट दिली. १४ मे रोजी कंपनीच्या ईमेलने ती काढायला सांगितली. १६ मेपासून त्याच पिनकोडवर, त्याच शोधशब्दाला अर्जदाराचं स्थान तिसऱ्यावरून एकतिसाव्यावर गेलं. १६ ते ३० मे या काळातल्या ऑर्डर आधीच्या पंधरवड्याच्या ३८ टक्के.’ आकडे इथे कल्पित आहेत, घडण महत्त्वाची: कलम, कृती, प्रतिक्रिया, परिणाम, आणि प्रत्येकापुढे जोडपत्राचा क्रमांक. असे चार परिच्छेद चाळीस पानांच्या कैफियतीला भारी पडतात.

पुरावा गोळा करताना डिजिटल प्लॅटफॉर्मची एक खोड लक्षात ठेवावी: अटी आणि डॅशबोर्ड न सांगता बदलतात. म्हणून अटींची प्रत्येक आवृत्ती पीडीएफ करून तारखेसह ठेवा. स्क्रीनशॉट घेताना पत्त्याची ओळ, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. नुसता कापलेला चौकोन निरुपयोगी. ईमेल पूर्ण हेडरसह जतन करा, फॉरवर्ड केलेली प्रत नको. शोधातलं स्थान दाखवायचं तर लॉग-इन केलेलं आणि न केलेलं अशी दोन्ही रूपं घ्या, नाहीतर ‘तुमच्या वैयक्तिक आवडीनुसार निकाल बदलले’ हे उत्तर तयारच असतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं. त्याचा भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, लिहायचं असतं. आयोग साक्षीच्या काटेकोर नियमांत न्यायालयाइतका अडकत नाही, पण प्रकरण पुढे अपिलात जाणारच असतं, आणि तीन वर्षांनी ती मूळ फाइल सापडत नाही. मराठी किंवा हिंदी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा.

बाजार ठरवण्यासाठी सर्वांत उपयोगी आकडे तुमच्याच हिशेबात असतात. गेल्या २४ महिन्यांत कोणत्या मार्गाने किती ऑर्डर आल्या, एक प्लॅटफॉर्म बंद असताना त्या ऑर्डर दुसरीकडे वळल्या की हवेत विरल्या, दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जायचा प्रयत्न केला तेव्हा किती खर्च आला. ऑर्डर हवेत विरल्या असतील तर पर्याय नाही हे त्यातून दिसतं, आणि पर्याय नसणं म्हणजेच बाजाराची सीमा. वर्तमानपत्रातलं ‘अमुक कंपनीचा ७० टक्के वाटा’ हे कात्रण जोडायला हरकत नाही, पण त्यावर इमारत उभारू नये.

मुदतीचंही भान हवं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर अर्ज घटनेपासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण दाखवून. सक्ती आजही चालू असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि तिचं सर्वांत ताजं उदाहरण द्या. त्याच दुरुस्तीने आणखी एक चाळण लावली आहे: तेच किंवा जवळपास तेच मुद्दे आयोगाने आधी निकाली काढले असतील, तर नवी चौकशी न करण्याची मुभा आयोगाला आहे. म्हणून अर्जाआधी जुने आदेश शोधणं हे कामाचा भाग आहे. जुना आदेश सापडला तर लपवू नका, आपलं प्रकरण कुठे वेगळं पडतं ते लिहा. त्याच पक्षांमधले इतर न्यायालयांतले वादही जाहीर करावे लागतात. खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची गोष्ट दडवली तर कलम ४५ खाली अर्जदारालाच दंड होऊ शकतो.

मागण्यांत नुकसानभरपाई लिहू नका. आयोग काय करू शकतो ते कलम २७ मध्ये आहे: वागणूक थांबवायला सांगणं, करारातल्या अटी बदलायला लावणं, दंड. म्हणून ‘कलम ७.२ रद्द करावं, त्याच्या भंगावरून यादीतलं स्थान घसरवू नये, क्रमवारीचे निकष प्रसिद्ध करावेत’ अशा अंमलात आणता येतील आणि तपासता येतील अशा मागण्या करा.

अर्ज गेल्यावर सचिवालय त्रुटी पाहतं, मग आयोग प्रथमदर्शनी मत बनवतो. नियमांत यासाठी शक्यतो ६० दिवस आहेत. मोठ्या प्रकरणांत ते पाळले जातील असं धरून चालू नये. मधल्या काळात दोन्ही पक्षांना प्राथमिक बैठकीला बोलावलं जाऊ शकतं. तिथे न्यायालयातल्यासारखं भाषण करण्यापेक्षा, बाजार कसा चालतो हे दोन पानांत आणि एका आकृतीत समजावणारा माणूस जास्त कामाचा. मग दोनच फाटे: कलम २६(१) खाली महासंचालकांकडे, म्हणजे आयोगाच्या तपास शाखेकडे, तपास, किंवा २६(२) खाली प्रकरण बंद. बंद केल्यास एनसीएलएटीकडे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे, ६० दिवसांत अपील करता येतं. तपासाच्या आदेशाविरुद्ध मात्र समोरच्याला अपील नाही. तो प्रशासकीय आदेश असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) प्रकरणात सांगितलं आहे.

कागदावर ही अर्जदारासाठी चांगलीच सोय. व्यवहारात कंपन्या अपिलाऐवजी रिट घेऊन उच्च न्यायालयात जातात, आणि या सेवेचा सर्वांत कच्चा दुवा इथेच आहे. अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टचा आदेश जानेवारी २०२० चा. फेब्रुवारीत कर्नाटक उच्च न्यायालयाची स्थगिती. ती उठून, खंडपीठ आणि सर्वोच्च न्यायालयाची फेरी होऊन तपासाला वाट मिळेपर्यंत ऑगस्ट २०२१ उजाडला. तपास अहवाल आला २०२४ मध्ये, आणि त्यानंतर विक्रेत्यांच्या नव्या याचिका वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत. आदेशात महासंचालकांना साधारण ६० दिवस दिलेले असतात. हा आकडा वाचून कोणी धंद्याचं नियोजन करू नये.

बरं, न्यायालयांचे अडथळे नसतानाही वेळ किती? गुगल सर्चची तक्रार २०१२ ची, आदेश फेब्रुवारी २०१८ चा, दंड १३५.८६ कोटी. अँड्रॉइडची तक्रार २०१८ ची, तपासाचा आदेश एप्रिल २०१९ मध्ये, निकाल २० ऑक्टोबर २०२२ रोजी, दंड १,३३७.७६ कोटी. मेकमायट्रिप-ओयो प्रकरण ऑक्टोबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२. व्हॉट्सअ‍ॅपच्या गोपनीयता धोरणात आयोगाने स्वतःहून लक्ष घातलं, तरी मार्च २०२१ चा तपास नोव्हेंबर २०२४ मध्ये संपला. प्ले बिलिंग त्यातल्या त्यात चपळ: नोव्हेंबर २०२० ते २५ ऑक्टोबर २०२२. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर तपासाच्या आदेशापासून दोन ते पावणेचार वर्षं. मध्येच खुर्च्याही रिकाम्या राहतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्ष निवृत्त झाल्यावर किमान तीन सदस्यांची गणसंख्याच उरली नव्हती आणि नव्या अध्यक्षांची नेमणूक मे २०२३ मध्ये झाली. सेवा देणाऱ्या कोणत्याही दुकानाने असं शटर ओढलं असतं तर गिऱ्हाइकांनी दगड मारले असते.

‘तोपर्यंत अंतरिम आदेश मिळेल’ ही आशा बाळगू नये. कलम ३३ मध्ये अधिकार आहे, पण निकष प्रथमदर्शनी मताहून बराच वरचा आणि भरून न येणारं नुकसान दाखवावं लागतं. मार्च २०२१ मध्ये मेकमायट्रिपला फॅबहॉटेल्स आणि ट्रीबो या हॉटेल साखळ्यांना पुन्हा यादीत घ्यायला सांगणारा अंतरिम आदेश निघाला. ओयोचं म्हणणं ऐकलं नाही म्हणून तो गुजरात उच्च न्यायालयात टिकला नाही. मार्च २०२४ मध्ये प्ले बिलिंगच्या नव्या दरांविरुद्ध भारतीय अ‍ॅप कंपन्या गेल्या. १५ मार्चला चौकशीचा आदेश मिळाला, आणि पाचच दिवसांनी अंतरिम दिलासा नाकारला गेला. चौकशी लागली आणि कमिशनही जात राहिलं. ज्याचा रोख प्रवाह सहा महिन्यांत आटणार आहे, त्याने अंतरिम दिलाशाच्या भरवशावर अर्ज करूच नये.

शेवटी हाती पडणारा ‘माल’ कसा असतो? अँड्रॉइडच्या आदेशाचं उदाहरण बोलकं आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्थगिती नाकारली, त्यानंतर आठवड्याभरात गुगलने बदल जाहीर केले: फोन बनवणाऱ्यांना गुगलची अ‍ॅप्स सुटी-सुटी घेता येतील, नव्या फोनवर शोधयंत्र निवडायचा पर्याय मिळेल, अ‍ॅपमध्ये दुसरी पेमेंट पद्धत देता येईल. मार्चमध्ये एनसीएलएटीने दंड कायम ठेवला, पण दहापैकी चार निर्देश रद्द केले. प्ले स्टोअरमध्ये इतर अ‍ॅप स्टोअरना जागा देणं आणि आधीच भरलेली अ‍ॅप्स काढून टाकू देणं हे त्यातलेच. स्पर्धेच्या दृष्टीने सर्वांत धारदार म्हणता येतील असे निर्देश गेले आणि दंड राहिला. अ‍ॅप बनवणाऱ्याला उलटं झालेलं जास्त आवडलं असतं.

पेमेंटच्या पर्यायाची गोष्ट आकड्यांत पाहा. दुसरी पद्धत वापरली तर गुगलच्या शुल्कात ४ टक्के अंकांची सूट: १५ चे ११, ३० चे २६. आता दुसऱ्या गेटवेचं शुल्क, ती जोडणी करायचा आणि सांभाळायचा खर्च, परताव्यांचा हिशेब हे सगळं त्या चारात बसवायचं. बचत इतकी पातळ उरते की बहुतेकांना बदल करावासाच वाटत नाही. आदेश अक्षरशः पाळला जातो आणि बाजार जागचा हलत नाही, असं यालाच म्हणतात. ‘पर्याय द्या’ एवढाच आदेश मागणाऱ्यांनी यावरून धडा घ्यावा: पर्यायाची किंमत किती असावी, हेही मागणीत लिहा. या प्रकरणातला ९३६.४४ कोटींचा दंड एनसीएलएटीने मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला, कारण गणित संबंधित उलाढालीपुरतं धरलं. ६ मार्च २०२४ पासून दंडाची कमाल मर्यादा जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांवरून मोजली जाते, त्यामुळे पुढच्या प्रकरणांत आकडे मोठे दिसू शकतील. दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो, तक्रारदाराकडे एक रुपयाही येत नाही.

तडजोडीची सोय मात्र नवी आणि कौतुकास्पद आहे. मार्च २०२४ पासून समोरची कंपनी तपास अहवालानंतर ‘सेटलमेंट’ (पैसे भरून तडजोड) किंवा त्याआधी ‘कमिटमेंट’ (वागणूक बदलण्याची हमी) देऊ शकते. कार्टेलच्या, म्हणजे स्पर्धकांच्या संगनमताच्या, प्रकरणांत ही मुभा नाही. अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये पहिली सेटलमेंट झाली: गुगलने २०.२४ कोटी भरले आणि टीव्ही बनवणाऱ्यांना प्ले स्टोअर स्वतंत्र परवान्यावर, बाकीचा गठ्ठा न घेता मिळू लागलं. अपिलांची दहा वर्षं वाचली. अर्जदाराने इथे झोपून चालत नाही. प्रस्तावावर हरकती नोंदवायची संधी मिळते, ती वापरून अटी घट्ट करून घ्याव्या लागतात, कारण सेटलमेंटच्या आदेशाविरुद्ध अपील नाही.

युरोपात चित्र वेगळं आहे. तिथल्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टमध्ये मोठ्या कंपन्यांना आधीच ‘गेटकीपर’ ठरवलं जातं आणि ७ मार्च २०२४ पासून काय करायचं नाही याची यादीच त्यांना लागू आहे. बाजार आणि वर्चस्व दर वेळी नव्याने सिद्ध करावं लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये अ‍ॅपलला ५० कोटी आणि मेटाला २० कोटी युरो दंड झाला तो याच कायद्याखाली. आपल्याकडे असाच डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला: भारतातली ४,००० कोटींची उलाढाल, आणि जोडीला १ कोटी वापरकर्ते किंवा १०,००० व्यावसायिक वापरकर्ते, असे उंबरे त्यात सुचवले होते. असा कायदा लागू होईपर्यंत अर्जदाराला कलम ३ आणि ४ वरच भिस्त ठेवायची आहे.

तर अर्ज कोणी करावा? सक्ती लेखी आहे, ती अनेकांवर एकसारखी लादलेली आहे, आणि चार वर्षं धंदा दुसऱ्या मार्गांनी तगवता येईल, अशांनी. शक्यतो संघटनेमार्फत, कारण वीस जणांचे हिशेब एकत्र आले की बाजाराचं चित्र आपोआप उभं राहतं आणि सूडही एकावर उगवता येत नाही. एकट्याला करायचाच असेल तर ओळख गुप्त ठेवून, कलम ३(४) पुढे करून आणि एकाच अटीवर बोट ठेवून. दहा तक्रारींचा अर्ज आणि एका तक्रारीचा अर्ज यांत दुसरा जवळजवळ नेहमी सरस ठरतो.

भरपाई हवीच असेल तर ती वेगळी पायरी आहे. उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष निघाल्यावर कलम ५३एन खाली एनसीएलएटीकडे स्वतंत्र अर्ज करायचा, आणि आपलं नुकसान त्या उल्लंघनामुळेच झालं हे आकड्यांनिशी दाखवायचं. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन वह्या ठेवा: एक आयोगासाठी, ज्यात बाजार आहे, दुसरी पुढच्यासाठी, ज्यात महिन्यागणिक कमी झालेली विक्री, जादा दिलेलं कमिशन आणि पर्यायावर झालेला खर्च बिलांसह आहे.